छोटंसं घर नावाचं थोतांड

मराठी भाषेत ‘सं’ नावाचा एक अत्यंत लबाड प्रत्यय आहे. ‘छोटं’ या शब्दात काही कपट नाही. छोटं म्हणजे छोटं. पण त्याला हा ‘सं’ चिकटला, की भल्या माणसाची अक्कल गहाण पडते. ‘छोटंसं कर्ज हवं होतं’ असं म्हणत जो गिऱ्हाईक माझ्या काउंटरपुढे उभा राहतो, त्याचे हप्ते थकणार हे मी अर्ज न वाचता सांगू शकतो. ‘कर्ज हवंय’ असं रोखठोक म्हणणारा मुकाट्याने फेडतो. छोटंसं ऑपरेशन, छोटंसं भाषण, ‘तुमच्याकडे एक छोटंसं काम होतं’ हे सगळं तुम्हीही भोगलेलं असेलच. पण या प्रत्ययाने आपल्या मध्यमवर्गाचा सर्वांत मोठा घात कुठे केला असेल, तर तो ‘गावाकडे एक छोटंसं घर’ या चार शब्दांत.

हे चार शब्द उच्चारताना माणसाचा चेहरा पाहा. डोळे अर्धवट मिटतात, आवाज विरघळतो. त्याला एक खोली दिसत असते. पुढे अंगण, मागे विहीर, पाऊस पडतोय, हातात चहा. या चित्रात चहा कुणी केला, कप कोण विसळणार आणि वानरांनी सरकवलेली कौलं कोण सारखी करणार, हे प्रश्न नसतात. ते ‘सं’च्या पोटात गडप झालेले असतात.

माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी कुणाच्याही तोंडावर म्हणायला तयार आहे, की छोटं घर ही वस्तूच या जगात नाही. छोटी खोली असते. घर जेवढं असायचं तेवढंच असतं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझ्या ज्ञानाचा उपयोग बँकेने आजवर नोटा मोजण्याव्यतिरिक्त फारसा करून घेतलेला नाही. पण स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतला फरक मला कॉलेजात शिकवला होता आणि तो मी विसरलेलो नाही. विहिरीला हे कळत नाही की आपलं पाणी एका खोलीत राहणाऱ्या म्हातारीला जाणार आहे की वाड्यातल्या वीस माणसांना. ती तेवढीच खोल खणावी लागते. विजेचा खांब ‘मालक, एकच बल्ब आहे ना, मग मी अर्धाच उभा राहतो’ असं म्हणत नाही. संडासाच्या टाकीचा खड्डा, पाण्याची मोटार, सातबाऱ्यावरच्या नातलगांच्या सह्या गोळा करण्यासाठी झालेला एस.टी.चा प्रवास, यांतलं काहीच खोलीच्या मापाने लहान होत नाही. आणि चिरा! कोकणातला जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. बहुतेक जावयांच्या उलट. पण हा चिरा घेऊन येणारा ट्रक वरच्या रस्त्यावर थांबतो आणि तिथून पाखाडी उतरून तो एकेक करून माणसाच्या डोक्यावरून येतो. खोली लहान आहे म्हणून पाखाडीची एक पायरीही कमी होत नाही. आमच्या हिशेबाची वही माझ्याकडे आहे. शंभर रुपयांतले जेमतेम चाळीस खोलीवर गेले. बाकीचे साठ खोली तिथे असावी म्हणून गेले.

अशा वेळी कुणीतरी पुस्तकं वाचलेला पुतण्या अमेरिकेतल्या थोरोचं उदाहरण देतो. याने १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली बांधली आणि खर्च आला अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. पुढे पुस्तकात त्याने खिळ्यांपासून चुन्यापर्यंत यादीच दिली. हे ऐकून लोकांचे डोळे पाणावतात. माझे पाणावले नाहीत, कारण मी ती यादी कॅशियरच्या नजरेने तपासली. जमिनीची किंमत शून्य, कारण जमीन एमर्सन या मित्राची. मजुरी शून्य, कारण मजूर तो स्वतः. फळ्या बऱ्याचशा दुसऱ्याची झोपडी विकत घेऊन, मोडून आणलेल्या. आमच्या शाखेत असं ताळेबंद आलं असतं तर ऑडिटरने पहिल्याच पानावर लाल शेरा मारला असता. शिवाय हा गृहस्थ तिथे दोन वर्षं आणि वर थोडे महिने राहिला, आणि अडीनडीला कॉन्कॉर्ड गाव दीडेक मैलावर होतं. आमची आई पुढची पंधरा वर्षं तिथे राहायचं म्हणत होती.

दुसरं उदाहरण याहून वरचं. ल कॉर्ब्युझिए हा चंडीगड उभारणारा जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी. त्याने १९५२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली. लांबी ३.६६ मीटर, रुंदी ३.६६ मीटर, म्हणजे आपल्या भाषेत बारा बाय बारा. आता ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. ‘बघा, एवढा मोठा माणूस बारा बाय बारात राहिला!’ राहिला ना. पण त्या खोलीत स्वैपाकघर नव्हतं. शेजारी खाणावळ होती आणि खोलीतून थेट तिकडे जायला दार होतं. वाचकहो, भिंतीपलीकडे खाणावळ असेल तर मी बारा बाय बारा काय, बँकेच्या लॉकरमध्येही राहीन.

तेव्हा जगातल्या सगळ्या छोट्याशा घरांना मोठी घरं लागून असतात. ती फोटोत येत नाहीत, एवढंच.

आता आमची कथा. दापोली तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर होतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, त्याने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, आणि आमच्या परसातला फणस घराच्या आढ्यावर आडवा झाला. जोतं उरलं, अर्धी कौलं उरली, आणि आई उरली. आई त्या वेळी डोंबिवलीला माझ्याकडे होती म्हणून उरली. तिने एकच सांगितलं, ‘मला परत जायचंय.’ यावर तिच्या सर्व वंशजांची मोबाइलवर सभा भरली. विषय : छोटंसं घर. मला सवय म्हणून मी सभेचं इतिवृत्त वहीत लिहून ठेवलं, आणि म्हणूनच आज मी जे सांगतोय त्याला तारखेसह पुरावा आहे. सभेला पुण्याचे थोरले बंधू व वहिनी, नाशिकचे मेहुणे व बहीण, तीन पुतणे आणि मी उपस्थित होतो. आई आत पोळ्या लाटत होती.

थोरल्या बंधूंचा पहिला ठराव स्लॅबचा. ‘स्लॅब टाकून ठेवू, पुढेमागे वर मजला चढवता येईल.’ या ‘पुढेमागे’ने कोकणाचं जेवढं विद्रूप केलंय तेवढं वादळांनीही केलेलं नाही. दापोलीपासून कुठल्याही रस्त्याने जा आणि दोन्ही बाजूंची घरं बघत चला. सपाट स्लॅब, आणि त्या स्लॅबवर लोखंडी पायांची पत्र्याची शेड. एक घर, दोन छपरं! उन्हात स्लॅब ताणतो, रात्री आकसतो, केसासारख्या भेगा पडतात, पावसाळ्यात वर पाणी साठतं आणि त्या भेगांतून आत उतरतं. मग आतली सळी गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे ताटात पडू लागतात. दोन पावसाळे डांबर फासून झालं की तिसऱ्या वर्षी मालक पत्रे आणतो. अरे, छप्पर म्हणजे उतार हे शेवटी मान्यच करायचं होतं, तर आधी का नाही केलंत? पुण्याला वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, दापोलीकडे तीन हजारांच्या वर. पुण्याच्या पावसावर बेतलेलं डोकं कोकणातल्या घरावर ठेवलं की असं होतं.

मी कौलांचा आग्रह धरला. बासल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि ती कौलं कोकणच्या पावसाला पुरून उरली, हे मी सभेला ऐकवलं. इतिहासाचा परिणाम झाला नाही. जुनी अर्धी कौलं फुकट आहेत, याचा झाला. ठराव एका मताने मंजूर.

पण हरलेला पक्ष सूड घेतो. छप्पर कौलारू करायचं तर करा, पण ‘छोटंसं’ करा. जुन्या घराचं छप्पर भिंतीबाहेर तीन फूट यायचं. ते एक फुटावर आणलं. वासे वाचले, रिपा वाचल्या. लॉरी बेकर हे मूळचे बर्मिंगहॅमचे गृहस्थ केरळात येऊन आयुष्यभर स्वस्त घरं बांधत राहिले. त्यांनी भिंतींचा गिलावा वाचवला, खिडक्यांच्या चौकटी वाचवल्या, काँक्रीट वाचवायला स्लॅबच्या पोटात टाकाऊ कौलं घातली, पण भिंतीबाहेर झुकणारं छप्पर सोडलं नाही. हे मी सांगितलं तेव्हा मेहुण्यांचा आवाज म्यूट झाला होता. तो त्यांनी स्वतःच केला होता असा माझा दाट संशय आहे. आज आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर छातीपर्यंत ओल चढते आणि श्रावणात तिथे शेवाळाचा असा काही हिरवा गालिचा फुटतो की पुतण्यांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढलेत.

मग जोतं. वादळातून वाचलेलं जुनं जोतं तीन फुटांचं, चांगलं चिरेबंदी. पण नव्या खोलीला एवढं कशाला? उंच जोत्याला भर जास्त लागते, आणि ‘आईच्या गुडघ्यांचा विचार करा!’ असं वहिनी गहिवरून म्हणाल्या. झालं, दीड फूट. जुने चिरे उचकटून भिंतीला घेतले, तेवढीच बचत. आता यातलं अंकगणित बघा. दीड फूट म्हणजे अठरा इंच. त्याला गवंड्याने दोन पायऱ्या काढल्या. नऊ-नऊ इंचांच्या. मी म्हणत होतो जोतं तीन फूट ठेवा आणि त्याला सहा पायऱ्या काढा. छत्तीस भागिले सहा, सहा इंच. गुडघा जोत्याची एकूण उंची मोजत नाही हो, तो एकेक पायरी मोजतो! हे गणित चौथीतल्या मुलाला येतं, पण सभेत चौथीतला मुलगा नव्हता. परिणामी २०२२ च्या जुलैत अंगणातलं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, आणि आई नऊ इंचांच्या पायरीवर दाराची चौकट धरून उभी राहायला शिकली.

सर्वांत मोठी काटछाट पडवीत झाली. जुनी पडवी आठ फुटांची होती. सभेत ती सहाची झाली, नंतर मेहुण्यांनी न्हाणीघरात गीझर सुचवला तेव्हा पाचाची झाली, आणि चकचकीत टाइल्स पसंत पडल्या तेव्हा चार फुटांवर स्थिरावली. वहीत माझा विरोध तीनदा नोंदलेला आहे. ‘पडवी म्हणजे काय, नुसतं बाहेर बसायचं!’ असं थोरले बंधू म्हणाले. हे वाक्य मी अधोरेखित करून ठेवलंय.

नुसतं बाहेर बसायचं! कोकणात माणूस आत राहतच नाही. आत देव राहतात, तांदळाची पिंपं राहतात आणि बाळंतिणी राहतात. बाकीचं सगळं आयुष्य पडवीत. आमची आई सकाळी सातला पडवीत यायची ती रात्री दिवा लागल्यावर आत जायची. तांदूळ निवडणं तिथे, आठळ्या सोलणं तिथे, पेपर तिथे, दुपारची डुलकी तिथे. पुढून पाखाडी जाते. जाणारा प्रत्येक माणूस ‘काकू, आहात ना?’ असं विचारून जायचा आणि ही ‘आहे रे बाबा, जाते कुठे’ म्हणायची. दिवसातून पंधरा-वीस वेळा हा संवाद. त्यात काही अर्थ नाही असं पुण्यातल्या माणसाला वाटतं.

चार फुटांच्या पडवीत हे जमत नाही. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की झड थेट भिंतीपर्यंत येते. खुर्ची ठेवली तर खुर्ची भिजते, आई बसली तर आई भिजते. म्हणून दार लावायचं. खिडकी लावायची. बारा बाय पंधराच्या खोलीत, चकचकीत टाइल्सवर, ट्यूबलाइट लावून चार महिने बसायचं. पाखाडीवरून जाणाऱ्याला बंद दार दिसतं. बंद दार दिसलं की कोकणातला माणूस हाक मारत नाही. घरंच इतकी बंद पडलीत की त्याला आता सवय झालीय. मालक मुंबईला, असं समजून तो छत्री सावरत पुढे जातो.

२०२३ च्या जुलैत आईला ताप आला. कामाला येणारी बाई पऱ्ह्याला पाणी आलं म्हणून दोन दिवस येऊ शकली नव्हती. लाइट नव्हते, फोनची बॅटरी गेली होती. त्या दोन दिवसांत पाखाडीवरून माणसं गेली, नेहमीसारखीच गेली. तिला आतून त्यांचे आवाज ऐकू येत होते. ‘दोनदा हाक मारली रे, पण कौलांवर पाऊस एवढा वाजत होता,’ असं तिने मला नंतर सांगितलं, अगदी सहज, भाजी कशी झाली ते सांगावं तसं. तिसऱ्या दिवशी बाई आली. डॉक्टर आले, ताप उतरला, सगळं ठीक झालं. मी मात्र त्या रात्री वही काढली आणि पडवी लहान करून आपण किती वाचवले होते ते पाहिलं. शंभरातले सहा रुपये. गीझर, टाइल्स आणि पाहुण्यांसाठी घेतलेला सोफा-कम-बेड मिळून नऊ रुपये झाले होते. गीझर विजेअभावी बहुधा बंदच असतो.

गंमत पुढेच आहे. दर मे महिन्यात सगळी भागधारक मंडळी आठ दिवस आंबे खायला येतात, आणि या घराविषयी प्रत्येकाला पश्चात्ताप होतो. पण प्रत्येकाचा वेगळा! बंधूंना स्लॅब टाकला नाही याचा. वहिनींना दुसरं न्हाणीघर केलं नाही याचा. मेहुण्यांना गाडी दारापर्यंत येत नाही याचा; तीनशे वर्षांची पाखाडी फोडून टाका, असं ते फणसाचा गरा सोलत म्हणतात. पुतण्यांना रेंजचा. बारा बाय पंधराच्या खोलीत सतरा माणसं झोपतात आणि ‘अजून एक खोली हवी होती’ यावर एकमत होतं. पडवीविषयी चकार शब्द नाही. का असेल? मे महिन्यात पाऊस नसतो. तेव्हा सगळे अंगणात खाटा टाकून झोपतात. आठ दिवसांच्या पाहुण्यांनी एकशेवीस दिवसांच्या पावसाचं घर आखलं, ही या प्रकरणातली खरी गोम आहे, आणि अशी घरं गावोगाव उभी राहतायत. नकाशा काढताना पहिला प्रश्न ‘किती जणांना झोपायला जागा?’ हा असतो. जुलैतल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता तिथे कोण असेल आणि ते कुठे बसेल, हे विचारायला कुणी नसतं.

आता पडवी वाढवायची म्हटलं, तर ते वाटतं तेवढं सोपं नाही. कौलांना चांगला तीस अंशांचा उतार लागतो. कमी केला तर वारा पाणी उलटं कौलांखाली सारतो. छप्पर त्याच उताराने आणखी चार फूट पुढे ओढलं की कडा सव्वादोन फूट खाली येते. सध्या ती सात फुटांवर आहे, म्हणजे राहिले पावणेपाच. जोतं तीन फुटांचं असतं तर पडवीची जमीन तीन पायऱ्या खाली घेऊन हे साधलं असतं. दीड फुटांच्या जोत्याला खाली जायला जागाच नाही. सुताराने दोन दिवस डोकं खाजवून तोडगा काढला : चार फुटांपुढे वेगळे खांब आणि वर पत्रा. पत्रा कमी उतारावर चालतो. हे कळल्यावर थोरल्या बंधूंचा फोन आला. ‘शेवटी पत्राच ना?’ एवढंच म्हणाले. पण ज्या सुरात म्हणाले तो सूर मी वहीत कसा लिहू?

सभा बोलवावी की काय, या विचारात मी होतो. तेवढ्यात कळलं की आईने सुताराला परस्पर सांगून टाकलंय. आठ फूट नाही, नऊ. लाकूड येऊन पडलंय, दिवाळी झाली की काम सुरू. पैसे तिच्या मुदत ठेवीतून. ठेव आमच्याच शाखेत आहे आणि मुदत संपायला सात महिने बाकी आहेत, त्यामुळे दंडाचं व्याज कापावं लागलं. ते मी कापलं. नियम म्हणजे नियम. फॉर्मवर सही करताना तिने विचारलं, ‘अरे, त्या सगळ्यांना कळवायला हवं का रे?’

मी म्हटलं, मे महिन्यात येतील तेव्हा दिसेलच.